पाणी बसेपर्यंत

नळाचं पाणी नुसतं ओंजळीत धरून त्याचा आजचा मिजाज सांगणारा माणूस अख्ख्या सुरतमध्ये एकच झाला, आणि तो पर्वत पाटियाच्या पुढच्या एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावर, एकटा राहत होता. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. सख्खे नव्हेत, आईच्या गावचे. पण आम्हा खानदेशी लोकांत आईच्या गावाहून कावळा जरी आला तरी तो मामाच असतो, आणि हे तर एका मिलमध्ये तीसेक वर्षं डाइंग मास्तर होते. डाइंग मास्तर म्हणजे कापडाला रंग देणाऱ्या खात्याचा मुख्य. व्यापारी बोटभर चिंधी पुढे टाकतो, म्हणतो हाच रंग पाहिजे, आणि मास्तरांनी ढीगभर कापड त्याच रंगाचं करून द्यायचं. एक छटा इकडेतिकडे झाली की सगळा माल परत. अशी तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या डोळ्यांचं काय होत असेल ते तुम्ही समजून घ्या. आम्हाला ते सोसावं लागायचं.

कोणतीही वस्तू मामा खोलीतल्या उजेडात बघतच नसत. उचलायची आणि तडक गॅलरीत न्यायची. आईची नवी साडी, बाबांचा चष्म्याचा डबा, भाजीवाल्याची वांगी, सगळी वरात गॅलरीत. एकदा आमच्या नात्यातल्या लग्नात, नवरीच्या आईचा हात धरून त्यांनी तिला मांडवाबाहेर उन्हात नेलं आणि गंभीरपणे सांगितलं, "ताई, तुमची बाही दुसऱ्या ताग्यातली आहे. शिंप्याने फसवलं." त्या बाईंनी उरलेलं लग्न हात पदराखाली घेऊन काढलं. धुळवडीला मुलं रंग लावायला गेली की मामा गाल पुढे करायचे, मग बोटावर रंग घेऊन बघायचे आणि मुलांनाच झापायचे, "हा दोन आंघोळीत जाईल. असला कच्चा माल लावताना लाज नाही वाटत?" स्वतः मात्र बारा महिने पांढरा शर्ट. "मिठाईवाला मिठाई खातो का?" म्हणायचे.

चहाचं तर विचारूच नका. आईच्या हातचा चहा त्यांना फिका वाटायचा. तसं तोंडावर म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून एके दिवशी त्यांनी खिशातून तपकिरी कापडाचा एक तुकडा काढला, आईपुढे ठेवला आणि म्हणाले, "बहीण, एवढा यायला पाहिजे." आई आठ दिवस धुमसत होती. पण तुकडा तिने फेकला नाही, चहाच्या डब्याच्या झाकणाला चिकटवला, आणि मामा येणार असले की त्याकडे बघून पातेलं उतरवायची.

मामी जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलता मुलगा नाशिकला कंपनीत, रविवारी फोन करायचा. बाकी मामांकडे कोणी फिरकत नसे. आम्हीसुद्धा नाही, उगाच खोटं कशाला सांगू. आमच्या लिंबायतहून पर्वत पाटिया काही परदेश नाही, पण मामांकडे गेलं की सुटका नसायची. तुम्ही उठलात की ते म्हणायचे, "पानी पी ले व पोरी, मग जा." आणि आत जाऊन पेला घासायला घ्यायचे. पेला घासून झाला की विसळायचा, विसळला की पुसायचा, माठाचं पाणी गाळून घ्यायचं, ते उजेडात धरून बघायचं. पाण्याचा पेला हातात येईपर्यंत अर्धा तास गेलेला असायचा आणि त्या अर्ध्या तासात त्यांनी आतूनच तुम्हाला चार गोष्टी विचारलेल्या असायच्या. टीव्ही दिवसभर चालू, आवाज बंद. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आवाजाचं काय करायचं? घरात कोणीतरी हलतंय एवढं पुरे."

त्यांच्या घरातली सगळ्यात चमत्कारिक वस्तू म्हणजे काचेची पेटी. मासे ठेवायची. तीन फूट लांब, दोन फूट उंच, खास बनवून घेतलेली, गॅलरीच्या दाराशी लोखंडी स्टॅंडवर. त्यात मासा एकही नाही. नुसतं पाणी. सोसायटीतली मुलं सुरुवातीला येऊन विचारायची, मासे कधी आणणार? मामा म्हणायचे, "मासे आणले की पाणी कसं दिसणार?" सकाळी पाणी भरायचं, खुर्ची टाकून ते शांत होताना बघत बसायचं. मिलमध्ये आयुष्यभर पाणी उकळताना आणि गरगरताना बघितलं होतं, आता बसताना बघायचं होतं म्हणे. सोसायटीवाल्यांनी बोट डोक्याशी नेऊन गोल फिरवलं आणि विषय संपवला.

मला ती पेटी आठवली तेव्हा मी अगदी अडचणीत होते. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि प्रत्येकाने एक छोटी फिल्म करून द्यायची होती. माझ्या फिल्ममध्ये एक मुलगी तापीच्या तळाशी डोळे मिटून पडलेली आहे, आणि मग ती हळूच डोळे उघडते, असा चाळीस सेकंदांचा एकच शॉट होता. बाकी फिल्म त्या शॉटसाठीच होती. सर म्हणाले, "हा सीन काढून टाक, तुला जमणार नाही." असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, जमवून दाखवते. घरी बादली, टब, आईची परात असं सगळं करून झालं. टबात हेतलचं फक्त नाक बुडत होतं. हेतल म्हणजे माझी मैत्रीण आणि फिल्मची नायिका. कॅमेरा धवलकडे होता, म्हणजे त्याचा मोबाईल. फिल्म द्यायला पंधरा दिवस उरले होते आणि शॉट मिळाला नाही तर माझं वर्ष अडकणार होतं.

मी मामांकडे गेले. पेटीच्या मागे काळा पडदा लावायचा, हेतलने मागून वाकून डोकं आणि एक खांदा पाण्यात बुडवायचा, गाल खाली टेकवून तोंड काचेकडे करायचं, आणि पुढून काचेतून शूटिंग. म्हणजे बघणाऱ्याला वाटेल की ती तळाशी निजली आहे. हे सगळं मी धीर करून सांगितलं. मला वाटलं, पेटीला हात लावू देणार नाहीत. मामांनी ऐकून घेतलं, खुर्चीवरून उठले आणि विचारलं, "किती जण येणार?"

"तिघं."

"कधी?"

"सकाळी दहा ते साडेअकरा. तुमच्या गॅलरीत ऊन तेवढाच वेळ असतं ना?"

"मग आजच यायचं होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर दारात मामांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, आत सहा नवे काचेचे पेले, आणि पेटीत सोळा बादल्या पाणी त्यांनी एकट्याने भरलेलं. पहिला शॉट घेतला. हेतल पाण्यात, पडदा मागे, सगळं मी सांगितल्यासारखं, आणि मोबाईलवर बघतो तर दवाखान्यातल्या माशांच्या टाकीत कोणीतरी बाई तोंड धुतेय असं दिसत होतं. मामा धवलच्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "हे पाणी बिनरंगाचं आहे. तापीचं असं असतं का? सॅंपल आणा."

आता तापीचं सॅंपल कुठून आणायचं? तापीतून. मी रिक्षाने नदीवर गेले, लोकांच्या नजरा चुकवून बाटली बुडवली आणि परत आले. मामांनी बाटली गॅलरीत नेली. दहा मिनिटं बघत होते. मग म्हणाले, "हिरवा आहे, पण त्याच्या पोटात पिवळा आहे, आणि खाली थोडा काळा. जमेल. सकाय या." सकाय म्हणजे उद्या.

त्या उद्याला गेलो तर पाणी असं सुरेख हिरवं की मी हात जोडले. हेतलने केस मोकळे सोडले, धवल गुडघ्यावर बसला, आणि त्या पाच मिनिटांत सगळा रंग खाली बसायला लागला. वर पाणी, खाली चिखल. मामांनी कपाळावर हात मारला. त्यांनी पॉलिस्टरचा रंग वापरला होता. तो उकळत्यापेक्षा गरम पाण्यातच कापडाला धरतो, गार पाण्यात विरघळतसुद्धा नाही. "माझी चूक," म्हणाले, "सवयीने हात त्याच डब्यात गेला. सकाय या."

तिसऱ्या दिवशीचं पाणी मात्र खरोखर तापी होतं. हलवलं तरी तेच, थांबलं तरी तेच. मामांनी गॅलरीत एका थाळीत पाणी आणि पाण्यात आरसा ठेवून उन्हाची लहर पेटीवर पाडली होती. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली देव जाणे. हेतलच्या तोंडावरून उजेड असा सरकत होता की आम्ही श्वास घ्यायचं विसरलो. हेतल मात्र विसरली नाही. तिने अकराव्या सेकंदाला डोकं वर काढलं. परत बुडाली, परत अकरा. असं सात वेळा. मी म्हटलं होतं, तिच्या अंगावरच्या साडीला रंग लागला तर? मामा हसले होते, "पॉलिस्टर आहे, याला हा रंग धरतच नाही. लिहून देतो." आणि खरंच, साडीवर एक ठिपका नाही. पण टॉवेलने तोंड पुसून हेतल उभी राहिली तेव्हा धवलच्या हातातून मोबाईल पडायचा राहिला. कपाळ हिरवं, कान हिरवे, मानेपर्यंत हिरवी, आणि नखं तर पोपटासारखी.

त्यात परवा कामरेजला तिच्या बहिणीचा साखरपुडा होता. "मम्मी मने मारी नाखशे!" हेतल आरशासमोर किंचाळली. आई मारूनच टाकेल म्हणत होती, आणि ते अगदी शक्य होतं. मामा तिच्याभोवती फिरून बघत होते. मला वाटलं घाबरले असतील. छे! चेहऱ्यावर कौतुक. "काय धरलाय बघ," ते म्हणाले, "एकसारखा! कुठे डाग नाही, कुठे फिका नाही." मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा ओशाळले. "हा लोकरीचा, रेशमाचा रंग. चामडीलाही धरणार, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. पण तीस वर्षं मी कापडच रंगवलं ना. माणूस काय धरतो ते मला कुठे माहीत?" मग एकदम उत्साहाने, "हायड्रो मारू का थोडा, रंग उडवायची पावडर? गरम पाण्यात? पाच मिनिटांत पांढरी होईल!"

"मामा," मी ओरडले, "मुलगी आहे ती, कापडाचा तागा नाही!"

हेतलला शेवटी लिंबू, ताक, बेसन आणि तिच्या काकीच्या शिव्या यांनी माणसात आणलं. तरी साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत तिचे कान पदराआड आहेत. मामांना मात्र ते फार लागलं. तीन दिवसांनी आम्ही परत गेलो तेव्हा त्यांनी मिठाईवाल्याकडचा खायचा रंग आणला होता, आणि आमच्या आधी दोन तास स्वतःचा डावा हात बादलीत बुडवून बसले होते. हात बाहेर काढून त्यांनी हेतलला दाखवला, पुढून, मागून, नखं. "बघ बेटा, काही नाही." तीही वेडी, लगेच हसली. त्यांनी तिला श्वास धरायला शिकवायला घेतलं. सोफ्यावर बसवायचं, नाक धरायला लावायचं, आणि बोटं मोजत तिला मिलच्या गोष्टी सांगायच्या. गोष्ट रंगात आली की तिला श्वासाचा विसर पडायचा. दोन दिवसांत ती पंचवीसवर आली, तिसऱ्या दिवशी पस्तीस.

एव्हाना त्या घराचं काय झालं होतं ते सांगायला पाहिजे. पहिल्या दिवशी आम्हाला चहा मिळाला होता. दुसऱ्या दिवशी पोहे. पाचव्या दिवशी मामांनी शेवभाजी केली, हेतल कांदा-लसूण खात नाही म्हणून तिची वेगळी, छोट्या पातेल्यात. सहाव्या दिवशी भरीत आणि कळण्याची भाकरी. कुठून शिकले विचारलं तर म्हणाले, मामीची वही आहे. टीव्ही बंद होता. "अॅक्शन" आणि "कट" हे दोन शब्द त्यांना इतके आवडले की चहा तयार झाला की ते स्वयंपाकघरातूनच "कट!" ओरडायचे, मग शॉट कुठेही असो. धवल वैतागायचा. शेजारच्या काकू दारात येऊन विचारायच्या, काय चाललंय मास्तर? मामा पडदा बाजूला करून म्हणायचे, "शूटिंग आहे." जणू कधीचेच तेच करत आले होते.

फक्त शॉट मिळत नव्हता. हेतल तयार, ऊन तयार, रंग तयार, आणि पाणी गढूळ. तीन दिवस सलग. मामा काचेपाशी वाकायचे, डोळे बारीक करायचे आणि मान हलवायचे, "पानी बठनं नही आज. गाळ आहे. सकाय या." मी म्हणायचे, कालही असंच झालं होतं. ते म्हणायचे, "नळाचं पाणी आहे, पोरी. त्याच्यावर माझी जबरदस्ती आहे का?" आणि तेवढ्यात कढई उतरवायला आत पळायचे. मी रोज घरी जाऊन रडायचे. सोमवारी फिल्म द्यायची, शनिवार उजाडला, आणि माझ्याकडे चाळीस सेकंदांऐवजी नुसता गाळ होता.

त्या शनिवारी मला झोप लागली नव्हती म्हणून मी साडेआठलाच पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरले आणि पेटीकडे बघून जागीच थांबले. पाणी बसलं होतं. असं की त्यात काही आहे हेच कळू नये, फक्त हिरवा उजेड. आणि मामा माझ्याकडे पाठ करून पेटीसमोर उभे होते, हातात तुळशीची कुंडी. त्यांनी कुंडीतून मूठभर माती घेतली, पेटीत सोडली आणि भाजीच्या डावाने ढवळायला लागले. सावकाश, कडेकडेने, मन लावून.

"मामा," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. वळले नाहीत.

मी काय काय बोलले ते आता सांगवत नाही, पण सांगते. मी म्हटलं, माझं वर्ष जाईल. म्हटलं, आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवून रोज रिक्षाला पैसे घालतो. म्हटलं, तुम्हाला काही काम नाही, म्हणून आमचंही काम होऊ द्यायचं नाही का? एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, "म्हणूनच तुमच्याकडे कोणी येत नाही."

मामांनी डाव पेटीच्या कडेवर ठेवला. हाताची माती पुसली. म्हणाले, "आज बघितलं तर बसलं होतं. आज तुमचं काम झालं असतं."

"मग?"

"मग काही नाही," ते म्हणाले. "मग तुम्ही कशाला याल?"

हे त्यांनी तक्रार म्हणून नाही सांगितलं, कापडात दोष कुठे आहे ते सांगावं तसं सांगितलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं. "दहाला ऊन येतं. मला दीड तास दे." तुरटीचा खडा घेऊन आले, तो पाण्यात गोल गोल फिरवला, बाहेर काढला, पेटीवर पांढरं कापड टाकलं आणि समोर खुर्ची ओढून बसले. मला बस म्हणाले नाहीत. मी दाराशी उभी राहिले. दीड तास आम्ही दोघं पाणी बसायची वाट बघत होतो. धवल आणि हेतल आले तेव्हा त्यांनी कापड उचललं.

तो शॉट एका दमात झाला. हेतलने तळाशी गाल टेकवला, केस आपले आपण पसरले, तोंडावरून उजेड सरकला, आणि तिने डोळे उघडले. तीस सेकंद, पस्तीस, चाळीस. मी मामांच्या "कट"ची वाट बघत होते. ते भिंतीला टेकून उभे होते. शेवटी मीच म्हटलं. हेतल धापा टाकत वर आली, धवलने तिला टाळी दिली, दोघं नाचायला लागले. मामा टॉवेल घेऊन आले, तिच्या कपाळाचं पाणी टिपलं आणि विचारलं, "अजून एखादा सीन नाही ना राहिला?" हेतल म्हणाली, "नाही अंकल, पॅकअप!" आम्ही सामान उचललं. एडिटिंग बाकी होतं. चहा ओट्यावर पेल्यांत ओतून ठेवलेला होता, तो कोणी प्यालं नाही. मीही नाही.

सरांनी त्या शॉटवर फिल्म थांबवली, मागे नेली आणि परत बघितली. विचारलं, कुठल्या टाकीत केलंस? मी म्हटलं, घरी. मार्क चांगले मिळाले. पंधरा दिवसांनी मामांचा फोन आला. "सर काय म्हणाले?" मी म्हटलं, आवडला. "म्हणजे परत घ्यायचा नाही." नाही मामा. "बरं झालं," ते म्हणाले, आणि थोडा वेळ फोन तसाच धरून मग ठेवला.

मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी माणसाला टाळते, हा माझा जुना रोग आहे. बस पर्वत पाटियाला थांबली की मी खिडकीतून दुसरीकडे बघायचे. असे पाच महिने गेले. मग एका रविवारी उतरले. रात्रभर जागून मी एक पटकथा लिहिली होती, सतरा सीन, सगळेच्या सगळे पाण्याखाली. मामांनी दार उघडलं. थकल्यासारखे दिसत होते, शर्टला इस्त्री नव्हती. मी कागद पुढे केले. ते गॅलरीत घेऊन गेले, उजेडात धरून दोन पानं वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"ही खोटी आहे," ते म्हणाले.

"हो."

"किती दिवसांचं काम?"

"तुम्ही म्हणाल तेवढ्या दिवसांचं," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. मामांनी बादली उचलली. मी दुसरी उचलली.

त्या सिनेमाचं आम्ही दोन वर्षं शूटिंग केलं, दर रविवारी, दहा ते साडेअकरा. नायिका नाही, गोष्ट नाही. कधी पाण्यात सदाफुलीचं फूल सोडायचं, कधी मामीची एक जुनी ओढणी, कधी काहीच नाही, नुसता उजेड. मामा मला रंग शिकवायचे. मी आता कापड मार्केटमध्ये साड्यांचे व्हिडिओ एडिट करते, आणि पडद्यावर कुठली साडी खोटी दिसते हे मला जे कळतं ते तिथलं. त्या दोन वर्षांत हेतल लग्न होऊन बडोद्याला गेली, धवल परदेशात गेला, बाबांनी लूमचं काम सोडलं आणि आई-बाबा गावी परत गेले. मी नोकरीसाठी इथेच राहिले, भाड्याच्या खोलीत. हे सगळं होत असताना मला फार काही जाणवलं नाही, कारण रविवार भरलेला असायचा.

मागच्या वर्षी मामांचा मुलगा त्यांना नाशिकला न्यायला आला. वडील बाथरूममध्ये घसरले होते, एकटं ठेवणं बरं नव्हतं, आणि तो काही चुकीचं बोलत नव्हता. पेटी भंगारवाल्याला दिली. मी सामान बांधायला गेले होते. निघताना मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सोसायटीतल्या मुलांना बाजूला व्हायला सांगून गाडीत बसले.

परवा रविवारी मी फोन केला. पलीकडे नातवंडांचा गोंधळ, मिक्सर, कोणाची तरी हाक. मी विचारलं, "करमतं का मामा?"

"करमस ना," ते म्हणाले. "घर भरेल शे." मग ते तिथून उठून कुठेतरी शांत जागी गेले असावेत, कारण मागचा आवाज कमी झाला. "तुले?"

मी खोलीत एकटीच होते, टीव्ही चालू होता, आवाज बंद. मी म्हटलं, "हो मामा. मलाही करमतं."

मी फोन ठेवला नाही, आणि बराच वेळ त्यांनीही ठेवला नाही.